हिवाईच्या घरचे सात दिवस

एका राज्यात येणारा आठवडा आधी सांगितला जाई. नगराबाहेर वाऱ्याची टेकडी होती आणि टेकडीवर दगडी चौथरा होता. दर आदितवारी सूर्य कासराभर वर आला की राजाचा ऋतुवाचक त्या चौथऱ्यावर उभा राही आणि पुढले सात दिवस मोठ्याने सांगे. ऊन किती, वारा कुठला, दव कुठे, धुके कुठे. खाली माणसे कान देऊन ऐकत आणि आपापली कामे त्या सात दिवसांवर वाटून घरी जात.

पिढ्यान्‌पिढ्या हे काम एकाच घराण्यात चालत आले होते. त्या घराण्यात मुलांची नावे नक्षत्रांवरून ठेवीत. शेवटच्या ऋतुवाचकाचे नाव होते पुनर्वसू, आणि त्याच्या एकुलत्या एका लेकीचे धनिष्ठा.

धनिष्ठा बारा वर्षांची होती तेव्हाची गोष्ट. मार्गशीर्ष लागला होता, हिवाळा नुकता उंबऱ्याशी आला होता. एका शनिवारी पुनर्वसू टेकडी उतरून घरी आला आणि लेकीला म्हणाला, "बाळ, या शुक्रवारी गारा पडणार. नारळाएवढ्या." तेवढ्यात राजवाड्यातून बोलावणे आले. तो गेला, परत आला, आणि त्या दिवशी जेवला नाही. दुसऱ्या दिवशी चौथऱ्यावर उभे राहून त्याने सांगितले, "शुक्रवारी आकाश निरभ्र राहील." खाली उभ्या असलेल्या धनिष्ठेने दचकून वर पाहिले. बापाचा चेहरा पाहिला आणि ती गप्प राहिली.

शुक्रवारी राजा रत्नकेतूची विजययात्रा निघाली. त्याच दिवशी, निरभ्र आकाशाच्या भरवशावर, उत्तरेच्या घाटातून मेंढपाळ आपली मेंढरांची खांडे घेऊन उतरू लागले. तिसऱ्या प्रहरी गारा पडल्या. घाटात आडोसा नव्हता. अकरा मेंढपाळ गेले. त्यांतला एक हिवाईचा मुलगा होता.

हिवाई ही घाटमाथ्यापलीकडची मायाविनी. राज्यात थंडी उतरे ती तिच्या घरातून उतरे. ती टेकडीवर आली, तिने कोणावर आवाज चढवला नाही. एवढेच म्हणाली, "ज्या तोंडाने आठवडा खोटा सांगितला, ते तोंड धुके होवो. या राज्यात थंडी येणार नाही, आणि उद्या काय होईल हे कोणाला कळणार नाही."

पुनर्वसू उभा होता तिथे धुके झाला.

धनिष्ठा पुढे झाली. "उःशाप, आई?"

"येणारे सात दिवस मी माझ्या घरी सात गाडग्यांत झाकून ठेवीन. जो कोणी ते पाहील आणि जसेच्या तसे या चौथऱ्यावरून सांगेल, तो शाप सोडवील. एक शब्द फिरवील, तर तोही धुके होईल."

असे म्हणून ती निघून गेली, आणि तिच्या घराची वाट तिच्यामागे मिटली.

मग सात वर्षे त्या राज्यात हिवाळा आला नाही. मळभ आले की महिना महिना हलेना. गव्हाला थंडी मिळेना, ओंब्या पोचट राहू लागल्या. सकाळी ऊन पाहून वाळवण घालावे तर दुपारी पाऊस, आणि पाऊस पाहून दारे लावावीत तर बाहेर लख्ख ऊन. लोक हताश होऊन म्हणत, "पुनर्वसूने बुडवले." राजा ते ऐके आणि काही बोलत नसे.

टेकडीवरचे धुके मात्र तिथेच होते. धनिष्ठा रोज सकाळी वर जाई, चौथऱ्यावर बसे. धुके तिच्या मांडीशी येऊन थांबे. त्याला ओल्या घोंगडीचा वास येई, तिच्या बापाच्या घोंगडीचा. ती त्याला गावातले सांगे, कोणाचे लग्न ठरले, कोणाची म्हैस व्याली. ऐकताना धुके दाट होई. तिच्या गालांवर पाणी साचे, ते त्याचे की तिचे, हे तिने कधी पाहिले नाही.

सातव्या वर्षी, मार्गशीर्षातल्या एका सकाळी, चौथऱ्यावर एक धोबी पक्षी येऊन बसला. काळा, पांढरा, शेपटी वरखाली हलवणारा. थंडीचा हा पाहुणा सात वर्षांत कोणी पाहिला नव्हता.

धनिष्ठेने हात जोडले. "पाहुणे, वाट चुकलात का?"

"चुकलो नाही," पक्षी म्हणाला. "निरोप आणला आहे. हिवाई म्हातारी झाली. यंदा तिच्या दारात बर्फ चढतो आहे. पुढल्या वर्षी दार उघडणार नाही."

"वाट दाखवाल?"

"उडेन. मागे ये."

धनिष्ठेने धुक्याला सांगितले, "बाबा, मी येते." आणि ती निघाली. तीन दिवस चालली. पहिल्या दिवशी शेते संपली, दुसऱ्या दिवशी झाडे संपली, तिसऱ्या दिवशी आवाज संपले. पुढे एक लहानसे घर होते. दारात हिवाई लोकर कातत बसली होती.

"कोण?"

"पुनर्वसूची धनिष्ठा. सात दिवस पाहायला आले."

हिवाईची चाती थांबली. मग ती म्हणाली, "तीन कामे कर. पहिले, या कुरणावरचे दव तांब्याभर आण. ऊन लागण्याआधी."

धनिष्ठा पहाटे गवतात गेली. पात्यावरचा थेंब बोटाने टिपावा तर तो बोटातच जिरे. पक्षी म्हणाला, "टिपू नकोस. अंथर." तिने आपली शाल गवतावर अंथरली आणि वाट पाहिली. शाल जड झाली, तशी पिळली. तांब्या भरला.

"दुसरे," हिवाई म्हणाली. "गोठ्यात वारा बांधला आहे. त्याला पाण्यावर नेऊन आण."

गोठ्यात खुंट्याला उत्तरेचा वारा बांधलेला होता. सात वर्षे बांधलेला, त्यामुळे अंग चोरून उभा होता. धनिष्ठेने लोकरीचे दावे सोडले. ओढले असते तर ते तटकन तुटले असते. तिने दावे सैल धरले आणि वारा जाईल तिकडे ती गेली. तो दगड हुंगत, गवत निजवीत, ओढ्याशी गेला. पाणी प्यायला, तेव्हा पाण्यावर शहारे आले. मग त्याने आपले गार तोंड तिच्या खांद्यावर ठेवले आणि आपण होऊन तिच्याबरोबर परत आला.

हिवाईने चाती खाली ठेवली. "तिसरे काम हाताचे नाही. सांग, माझा मुलगा कोणी मारला?"

धनिष्ठेच्या ओठांवर राजाचे नाव आले. गारांचेही आले. तिने दोन्ही गिळली.

"माझ्या वडिलांनी," ती म्हणाली. "शुक्रवारी गारा आहेत हे त्यांना ठाऊक होते. ते भ्याले. आणि मलाही ठाऊक होते, आई. मी खाली उभी होते. मी बोलले नाही."

हिवाईने मांडीवरची लोकर बाजूला सारली. "त्याचे नाव मल्हू होते," ती म्हणाली. "त्याला पावा येत नसे, तरी वाजवी." तिने पदराने डोळे पुसले, उठली आणि आतले दार उघडले.

आत सात गाडगी होती. धनिष्ठेने पहिल्याचे झाकण काढले. आत सोमवार होता. वाऱ्याची टेकडी दिसत होती, वर निळे आकाश, आणि चौथरा मोकळा. उत्तरेचा वारा गवत विंचरीत होता. धुके कुठेच नव्हते.

ती हिवाईकडे वळली. "इथले धुके कुठे गेले?"

"मला फक्त हवा दिसते, मुली. माणसे दिसत नाहीत."

"ते परत येतील का?"

"ठाऊक नाही."

धनिष्ठेने झाकण ठेवले. बाकीची सहा गाडगी तिने एकेक करून पाहिली, त्यांतही टेकडीवर धुके नव्हते. तिने दिवस मनात नीट ठेवले, हिवाईच्या पाया पडली आणि परत निघाली. पक्षी पुढे उडत होता. ती सात दिवस मनात घोकीत चालली.

ती परतल्याची वार्ता पसरली, आणि आदितवारी सकाळी सगळे नगर टेकडीखाली जमले. राजा रत्नकेतू आला होता, आणि त्याचा प्रधान. प्रधान चौथऱ्यापाशी आला आणि हळू आवाजात म्हणाला, "बाईसाहेब, शुक्रवारी युवराजांचा अभिषेक आहे. मोकळ्या मैदानात. ध्यानी असू द्यावे."

"आठवडा माझा नाही, प्रधानजी," धनिष्ठा म्हणाली आणि वर चढली.

धुके तिच्या पावलांशी आले, गुडघ्यांशी आले. ओल्या घोंगडीचा वास आला. तिच्या मनात आले, एकच शब्द फिरवावा. उद्या धुके राहील, एवढेच म्हणावे. मग तीही धुके होईल, आणि दोघे या चौथऱ्यावर सुखाने राहतील, कोणी काही विचारणार नाही. तो विचार मऊ होता, उबदार होता, तिचे डोळे मिटू लागले.

खाली एक तान्हे मूल रडले. तिने डोळे उघडले. खाली माणसे होती, सात वर्षांची हताश माणसे, आणि ती सगळी वर पाहत होती.

"ऐका हो ऐका," धनिष्ठा म्हणाली. "सोमवारी उत्तरेचा वारा सुटेल. टेकडीवरचे धुके फिटेल, आणि पुन्हा जमणार नाही."

तिने पायांशी आलेल्या धुक्याकडे एकदा पाहिले. मग पुढे सांगितले.

"मंगळवारी आकाश स्वच्छ, पहाटे दव. बुधवारी गारठा वाढेल, नदीकाठच्या मळ्यांत बोटे आखडतील. बृहस्पतवारी पूर्वेकडून ढग येतील, दुपारी ऊब वाटेल. त्या उबेला भुलू नका. शुक्रवारी तिसऱ्या प्रहरी गारा. घाट कोणी उतरू नये, गुरे बाहेर ठेवू नयेत, खळी झाकावीत. शनिवारी मळभ विरेल. आदितवारी थंडी मुक्कामाला येईल."

प्रधानाने राजाकडे पाहिले. राजा पायऱ्या चढून वर आला, आणि त्याने मुकुट काढून हातात घेतला.

"शुक्रवारी अभिषेक होणार नाही," तो म्हणाला. मग लोकांकडे वळला. "आणि आणखी एक ऐका. सात वर्षांपूर्वीच्या त्या शुक्रवारी तोंड पुनर्वसूचे होते. शब्द माझे होते. मी त्याला तसे सांगायला लावले."

लोकांत कुजबुज झाली, मग ती शांत झाली. धनिष्ठेच्या पायांशी धुके थरथरत होते.

सोमवारी सकाळी ती एकटी टेकडीवर बसली. उत्तरेचा वारा आला. त्याने तिला ओळखले, तिच्या खांद्याला तोंड लावले, आणि मग तो कामाला लागला. धुके आधी गवतावरून उठले, मग पायऱ्यांवरून, मग तिच्या मांडीवरून. तिने ते धरून ठेवले नाही. ओंजळ उघडी ठेवली.

वारा थांबला तेव्हा आकाश निळे होते आणि चौथऱ्याच्या कडेला एक माणूस गुडघे पोटाशी घेऊन बसला होता. केस ओले, पांढरे झालेले. तो थंडीने कुडकुडत होता.

"बाबा," धनिष्ठा म्हणाली.

पुनर्वसूने तिच्याकडे पाहिले. त्याचे ओठ बराच वेळ नुसते हलले. मग शब्द आला. "घाटात," तो म्हणाला, "घाटात कोण कोण होते?"

तिने त्याला अकरा नावे सांगितली. त्याने प्रत्येक नाव आपल्या तोंडाने पुन्हा उच्चारले.

शुक्रवारी तिसऱ्या प्रहरी गारा पडल्या. मेंढपाळ घाटमाथ्यावरच थांबले होते, खळी झाकलेली होती, गुरे गोठ्यांत होती. गारा पडल्या आणि वितळल्या. शनिवारी मळभ विरले. आदितवारी पहाटे घरोघरी माणसांनी पांघरुणे ओढून घेतली, आणि अंगणात तोंडातून वाफ निघताना पाहून पोरे हसली.

पुनर्वसूने मात्र त्या दिवशी घोंगडी खांद्यावर टाकली आणि तो उत्तरेची वाट चालू लागला. घाटमाथ्यापलीकडची वाट आता उघडी होती. तिसऱ्या दिवशी तो हिवाईच्या दारी पोचला. उंबऱ्याबाहेरच बसला आणि मान खाली घालून म्हणाला, "मी आलो आहे."

हिवाई कातत होती. तिने हातातली चाती थांबवली.

"बाहेर गारठा आहे," ती म्हणाली. "आत ये."

जसे त्यांच्या टेकडीवरचे धुके फिटले, तसे तुमच्या आमच्या वाटेवरचेही फिटो, आणि ज्याला जे ठाऊक आहे ते वेळेवर बोलायचे बळ त्याला मिळो.