गोड झालेली किंकाळी

त्या राज्यात तळ्याकाठच्यांचा आवाज टेकडीवर पोचत नसे, कारण टेकडी उंच होती आणि तिथले हत्ती कानांनी कितीही थोर असले तरी ऐकायला महाआळशी होते. म्हणून प्रत्येक हाक काचाप्पांमधून जाई. काचाप्पा म्हणजे काचेची जुनी नळी. ते आधी सावकाश तापत. पोटातली तार लाल झाली की बारीकसा आवाजही भरदार करून वर पाठवत.

हत्तींना थांबायचा भारी कंटाळा. त्यांनी आपल्या शिष्यांकडून काचाप्पांची हुबेहूब नक्कल करवून घेतली, नुसत्या आकड्यांची. ना काच, ना तार, ना तापणं. हे आकडेराव. शिष्य भलतेच सुसंस्कृत! काचाप्पांपुढे हात जोडून मऊ आवाजात बोलायचे आणि अप्पा त्याचं काय करतात ते आकडेरावांना शिकवायचे. थोरांपुढे आवाज चढवायचा? छे, छे!

"माझ्यात आणि अप्पांत तिळाचाही फरक नाही," आकडेराव सांगत. खोटं नव्हतं ते, कुणालाच फरक कळेना. मग काचाप्पांना हार घालून फळीवर बसवलं.

पुढे एकदा तळ्याचा दरवाजा अडकला आणि पाणी चढू लागलं. तो ढकलणं हत्तींनाच शक्य होतं. लव्हाळ्यात पाणकोंबडीची अंडी होती. पाणकोंबडी आकडेरावांपाशी धावली आणि जिवाच्या आकांताने ओरडली, "दार ढकला हो! माझी अंडी बुडतायत!"

असं आकडेरावांशी कधी कुणी बोललंच नव्हतं. त्यांनी येत होतं तेच केलं, किंकाळी घोटून मऊ, गोड केली आणि वर पाठवली.

वर हत्तींनी डोळे मिटले. "वा! काय करुण गायली! पुन्हा एकदा!"

"गातेय कुठली, मेल्यांनो!" ती किंचाळली. तेही मधाळच पोचलं.

तिने फळी गाठली. "अप्पा, लवकर हो!"

"तापू दे गं बाई. मग भीड ठेवू नकोस, ओरड माझ्या अंगावर."

तार लाल होईतो पाणी घरट्याला लागलं होतं. ती ओरडली. काच थडथडली, आवाज फाटला आणि फाटकाच वर गेला. हत्तींच्या अंगावर काटा आला. ते धडधडत खाली आले आणि त्यांनी दरवाजाला डोकी लावली. पाणी उतरलं. अंडी वाचली.

दुसऱ्या सकाळी शिष्य आकडेरावांना ओरडणंही शिकवायला काचाप्पांपुढे घेऊन आले. थोरल्या शिष्याने वाकून नमस्कार केला, कान धरून आधीच माफी मागितली, डोळे घट्ट मिटले आणि बेंबीच्या देठापासून ओरडला, "अरे ए थेरड्या!"

"बस, एवढंच?" काचाप्पा लालबुंद होत म्हणाले. "आणखी जोरात, लेका!"

शेजारी आकडेरावांचे आकडे पहिल्यांदाच थरथरले.