नियम मोडणारा पहिला माणूस

टेक्सासमधल्या एका मांस कारखान्याचे मालक हार्ग्रोव्ह भर कोर्टात छाती फुगवून सांगत होते, "माझ्या कारखान्यात स्पॅनिशचा एक शब्द चालत नाही. बोलला काय, लिहिला काय, त्याच दिवशी घरी. मग तो कोणी का असेना."

तिथली कामगार युलालिया अशीच घरी गेली होती. मैत्रिणीचा हात यंत्रात जाताना पाहून ती स्पॅनिशमध्ये ओरडली, एवढाच तिचा गुन्हा.

तिच्या वकील रेमेदियोसबाई या स्पॅनिश बोलणाऱ्या लॅटिनो लोकांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संस्थेतल्या. तिथली निम्मी माणसं अशाच कामगारांची लेकरं. त्यांची शिस्त एकच, नक्कल चालणार नाही, मूळ कागद आणा.

"हा नियम कामगारांना कळला होता?" रेमेदियोसबाईंनी विचारलं.

"न कळायला काय झालं? मी स्वतः सही करून नोटीस दारावर लावली."

बाईंनी तीच नोटीस चिकटपट्टीसकट न्यायाधीशांपुढे ठेवली. ती अथपासून इतिपर्यंत स्पॅनिशमध्ये होती.

"साहेब, नियम मोडणारी युलालिया दुसरी," त्या शांतपणे म्हणाल्या. "पहिल्याची सही खाली आहे. आधी त्यांना घरी पाठवू, मग हिचं बघू."

युलालिया सोमवारी कामावर गेली. नोटीस मात्र संस्थेने परत दिली नाही. ती आता संस्थेच्या दारावर आहे.