झाकलेला रांजण

“आणि संध्याकाळी माझा रांजण काठाखाली उतरलेला दिसला, तर उपास कुणी काढायचा?”

मठातला शिष्य हेरंब घाटाच्या मध्यावर आपल्या रांजणाच्या पुढ्यात उभा होता. दोन्ही हात पसरून.

समोर भानुबुवा. भर उन्हात घाटाच्या माथ्यावरून उतरून आलेले, धापा टाकत. काखेत रिकामी घागर. त्यांच्या मागे पलीकडच्या वाडीचा लहानू, पायात वहाण नाही.

भोरजाईच्या खिंडीत बुवांचा मठ. माथ्यावर मठाची पाणपोई. पलीकडच्या वाड्यांना रस्ता नाही. दरवर्षी मोजणी होते, रस्ता होत नाही. माणसं पायी खिंड चढतात आणि वर पोचली की आधी पाणी मागतात. ते पाणी पायथ्याच्या झऱ्याचं. पायथ्याला सुभाना भरतो आणि घाटाच्या मध्यावर पोचवतो. मध्यावरून हेरंब वर पोचवतो. माथ्यावर स्वतः बुवा वाढतात.

दिवस मावळला की तिघांचेही रांजण बघायचे. ज्याचा काठोकाठ नाही, त्याने रात्री जेवायचं नाही. हा नियम हेरंबने घातलेला. शिस्त हवी म्हणून. तेव्हापासून त्याचा रांजण कधी खाली उतरलेला नव्हता, आणि हे तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा.

“महाराज,” लहानू म्हणाला, “पाणपोईची पाटी लई मोठी हाय तुमची. लांबून दिसती. पाणी तेवढं दिसंना.”

“थांब जरा,” हेरंब म्हणाला.

“मी थांबतो. माझी बायको थांबंल का, ते विचारा.”

लहानूची बायको भिवरा माथ्यावर डोलीत पडली होती, डोली आणणारी माणसं तिच्यापाशी. कालपासून उलट्या आणि जुलाब. वाडीतून आणलेलं पाणी चढावरच संपलं. आता ती हाकेला ओ देत नव्हती.

“डोली खाली उतरवा,” हेरंब म्हणाला. “इथे आली की मी स्वतः पाजतो.”

“उतरवेपर्यंत?” बुवांनी विचारलं.

हेरंबने रांजणाच्या तोंडावरचं फडकं आणखी घट्ट ओढलं.

“सकाळी मी वरून निरोप धाडला होता. किती मागितलं होतं?”

“एक घागर.”

“तू सुभानाला किती सांगितलंस?”

“…दुप्पट. वरून निरोप आला म्हणजे वर्दळ वाढली असणार. हाताशी असावं म्हणून.”

“आणि सुभानाने?”

“त्यालाही वाटलं, टंचाई आहे. त्याने आधी स्वतःचा रांजण भरून घेतला, मग माझ्यासाठी झरा उपसत राहिला. आता नुसता गाळ वर येतोय म्हणे. संध्याकाळपर्यंत निवळणार नाही.” हेरंबचा आवाज चढला. “म्हणून तर सांगतोय, बुवा! झरा बसलाय. हे दिलं तर मला कोण देणार?”

“सुभानाचा रांजण भरलेला आहे?”

“काठोकाठ.”

“तुझा?”

“काठोकाठ.”

“आणि माझी ती एक घागर…?”

वरून कुणीतरी लहानूला हाक मारली. लांबट, चिरकी हाक. लहानूने वर पाहिलं, मग रांजणाकडे. त्याच्या मुठी वळल्या.

“बुवा, नियम सगळ्यांना सारखा आहे,” हेरंब घाईने म्हणाला.

“आहेच. माझा रांजण रोज खाली उतरतो. लोक पितात. मी रोज उपाशी झोपतो.”

हेरंब दचकला. “मला वाटलं… तुम्ही व्रत धरलंय.”

“मलाही वाटलं, तू विचारशील.”

बुवांनी घागर खाली ठेवली आणि ते अगदी जवळ आले.

“श्वास घे. छाती भरून.”

“आत्ता?”

“घे.”

हेरंबने श्वास घेतला. बुवांनी एक हात त्याच्या मानेमागे धरला आणि दुसऱ्या हाताने त्याचं नाकतोंड दाबलं. म्हातारा हात, पण चिमट्यासारखा.

“भरली छाती?”

हेरंबने मान हलवली.

“काठोकाठ?”

मान हलली.

“मग सांभाळ.”

…

हेरंबचे डोळे मोठे झाले. मानेच्या शिरा ताठ झाल्या. त्याने बुवांचं मनगट धरलं, ओढलं. हात सुटेना. लहानू एक पाऊल मागे सरला.

…

शेवटी हेरंबने दोन्ही हातांनी तो हात झिडकारला आणि गुडघ्यांवर वाकून खोकत राहिला.

“बुवा… जीव गेला असता…”

“कसा? छाती तर भरलेली होती.”

हेरंबने मान वर केली नाही. तसाच वाकलेला तो रांजणाकडे वळला. झाकणाच्या फडक्याला त्याने निरगाठ मारलेली होती. ती सुटेना. त्याने फडकं फाडलं.

घागर भरून त्याने खांद्यावर घेतली, तिथलीच एक कळशी लहानूने. दोघं चढाला लागले. हेरंब धावत होता. वाटेत पाणी सांडलं म्हणून त्याने किती जणांना बोल लावले होते! आता त्याच्याच पाठीवरून ओघळ वाहत होते आणि तो थांबत नव्हता.

माथ्यावर पाणपोईत मीठ आणि गूळ असायचा. लहानूने दोन्ही पाण्यात कालवलं. पहिला घोट भिवराच्या ओठांतून बाहेर आला. दुसरा उलटून पडला. हेरंब डोलीपाशी बसून बघत होता.

तिसरा घोट आत गेला. मग चमच्याचमच्याने आणखी.

बऱ्याच वेळाने भिवराने डोळे उघडले.

“अजून,” ती म्हणाली.

लहानू तोंड फिरवून रडला. मग तिला पाजत पाजत त्याने आणि डोलीवाल्यांनी डोली उचलली आणि दवाखान्याच्या दिशेने घाट उतरायला लागले.

त्यांच्या मागून हेरंब मध्यावर आला आणि रिकामी घागर त्याने खाली ठेवली. बुवा रांजणाला टेकून बसले होते. मधल्या वेळात कुणी गुराख्यांनी येऊन उरलेलं पाणीही पिऊन टाकलं होतं. तळाला ओल तेवढी शिल्लक.

हेरंबने आत वाकून पाहिलं.

“बुवा, संध्याकाळी सगळे येतील. मी काय दाखवू?”

बुवांनी चढाकडे बोट केलं. धुळीत मध्यापासून माथ्यापर्यंत सांडलेल्या पाण्याची काळपट रेघ गेली होती.

“ती दाखव.”

“ती? ती तर संध्याकाळपर्यंत वाळून जाईल.”

बुवा उठले. रिकामी घागर त्यांनी हेरंबच्या हातात दिली आणि खाली, सुभानाच्या भरलेल्या रांजणाकडे पाहिलं.

“वाळू देऊ नकोस.”