बाहेरून लावलेली कडी

एकदा एका आचार्यांच्या आश्रमात उंदरांनी उच्छाद मांडला. आश्रमातली भुरी मांजर आता म्हातारी झाली होती; उंदीर शेपटीवरून गेला तरी तिला पत्ता नसे. म्हणून गावातल्या एका व्यापाऱ्याने टोपलीत घालून एक तरणाबांड बोका आणून दिला.

आचार्यांनी काय करावं? बोक्याला लाकडांच्या खोलीत ठेवलं, दार लावून घेतलं आणि शिष्याला म्हणाले, "याला दाराच्या आत जेवायला ठेव, भुरीला बाहेर. याचं पोतं तिच्या अंगाखाली घाल, तिचं याच्या. मी येईपर्यंत दोघांना समोरासमोर आणू नकोस." एवढं सांगून ते परगावी एका आजाऱ्याला भेटायला गेले.

शिष्याला ते मुळीच पटलं नाही. भुरीवर त्याचा फार जीव. ती निजायची ती त्याच्याच पायाशी. आता ती त्या बंद दारापाशी बसून गुरगुरत राही आणि अन्नाला तोंड लावत नसे. ते त्याला बघवेना.

बोक्याची चौकशी करायला व्यापारी आला, तेव्हा हा प्रकार बघून तो खो-खो हसला.

"अरे, मांजरांना कसलं आलंय सोवळंओवळं! आपल्यात नवरा-नवरीला एका ताटात का बसवतात? एकमेकांचं उष्टं पोटात गेलं की परकेपणा जातो. माझ्या घरचंच बघ. पहिली गेली, दुसरी करून आणली, तर आमची वेणू नव्या आईचं तोंड बघायला तयार नाही. शेवटी आज दोघींना एका खोलीत, एका ताटावर बसवलं आणि बाहेरून कडी लावून आलो. बोलतील झक्कत! जातात कुठे?"

आणि आमच्या या शहाण्या शिष्याला ते पटलं हो! त्याने स्वयंपाकघरात एका ताटलीत दूध ओतलं, दोघांना आत सोडलं आणि बाहेरून कडी घातली.

आत एकच किंकाळी उठली. भांडी कोसळली. शिष्याचा हात कडीकडे गेला.

"थांब रे," व्यापारी म्हणाला, "भांडून भांडून दमतील."

थोड्या वेळाने सगळं शांत झालं. "बघ, जमलं की नाही?" व्यापारी म्हणाला, आणि शिष्यही हसला. हसला, काय म्हणावं त्याला!

तेवढ्यात आचार्य परतले. काही न विचारता त्यांनी कडी काढली. बोका फळीवर अंग चोरून बसला होता, त्याचा कान फाटला होता. भुरी दाराला अगदी लागून पडली होती. तिचं पोट फाटलं होतं आणि दाराच्या खालच्या फळीत तिचं एक नख मोडून रुतलं होतं. शिष्याने तिला मांडीवर घेतलं, तिथेच तिने जीव सोडला.

शिष्य ढसाढसा रडला. मग बोक्याला मारायला त्याने लाकूड उचललं, तेव्हा आचार्यांनी त्याचा हात धरला.

"त्याला कशाला मारतोस? तोही भ्यालेलाच होता. परक्याचा वास आधी ओळखीचा व्हावा, भीती आपल्या गतीने ओसरावी, म्हणून मी मध्ये दार ठेवलं होतं. एका ताटात जेवणं चांगलंच आहे. पण त्या ताटापाशी आपल्या पायांनी यावं लागतं, आणि नको वाटलं तर उठून जाता यावं लागतं. तू तिची जायची वाटच बंद केलीस. अरे, ती तुझ्याकडेच येत होती."

हे ऐकून व्यापारी पांढराफटक पडला. "माझी वेणू..." एवढंच त्याच्या तोंडून निघालं आणि तो अनवाणीच धावत सुटला. त्याच्यामागोमाग, रक्ताने भरलेल्या उपरण्यासकट, शिष्य.

घरी पोचताच व्यापाऱ्याने खोलीची कडी काढली. ताटातला भात वाळून गेला होता. कोपऱ्यात त्याची नवी बायको रडत होती, तिच्या गालावर ओरखडे होते. "मी तिला बोटही लावलं नाही हो," ती म्हणाली. "दार उघडा म्हणून किती हाका मारल्या तिने तुम्हाला."

वेणू दारापाशी उभी होती. दार बडवून तिचे तळवे सुजले होते, आवाज पार बसला होता.

"ये बाळा," बाप म्हणाला.

ती त्याच्या अंगाला अंग लागू नये म्हणून भिंतीच्या कडेकडेने बाहेर आली आणि अंगणात जाऊ लागली. तिला धरायला व्यापारी पुढे झाला, तेव्हा शिष्याने त्याचा हात घट्ट धरला.

"जाऊ द्या तिला," तो म्हणाला.