शिडाच्या बोटीचा एसी आणि झिलूची मिशी

पैजेला घाईघाईत हो म्हणू नये, हे खाडीकाठच्या त्या गावात कुत्र्यामांजरांनाही कळायचं. एकालाच कळायचं नाही. तो भोळा होता आणि त्याचं नाव झिलू. सांगाल ते ऐकायचा. आणि सांगाल तेवढंच ऐकायचा.

झिलूकडे मिरवावं असं एकच होतं. मिशी. काळीभोर, दोन्ही टोकं वर वळलेली. आचरा गावच्या एका मुलीने फोटो बघितला आणि म्हणाली, "बाकी कसाही असो, मिशी छान आहे." झालं, लग्न ठरलं. रविवारी साखरपुडा.

दिग्याच्या पोटात दुखायचं ते ह्यामुळेच. दिग्या झिलूच्याच वयाचा, मामाच्या सलूनमध्ये काम करणारा, सगळ्या गावाच्या दाढ्या करणारा. पण त्याच्या स्वतःच्या ओठावर काय, तर वाळलेली कोथिंबीर.

त्या आठवड्यात मुंबईहून गोव्याला निघालेली एक शिडाची बोट खाडीत नांगर टाकून थांबली. बोटीवर पाटणकर काका आणि काकू, दोघंच. बोट कसली, तरंगतं घर. आत गाद्या, शेगडी, संडास आणि चक्क एसी! काका येईल त्याला एसीबद्दल सांगायचे. बोटीच्या पोटाला भोक असतं. तिथून पंप समुद्राचं पाणी ओढतो, मशीनमधून फिरवतो आणि कडेच्या नळीतून बाहेर पिचकारी सोडतो. पिचकारी उडतेय म्हणजे एसी ठणठणीत.

दिग्याने हे नीट ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळीच बुडी मारली आणि त्या भोकात चिंध्यांचा बोळा कोंबून आला. पिचकारी बंद. वर एप्रिलचं ऊन. दुपारपर्यंत काका-काकूंचे उकडलेले बटाटे झाले.

मग दिग्या धक्क्यावर आला. झिलू तिथे बसला होता.

"झिल्या, त्या बोटीचो एसी बंद पडलो हा. दिवस बुडायच्या आत चालू करून दाखव."

"नाय झालो तर?"

"तर मी तुझी मिशी काढतलंय."

"आणि झालो तर?"

"तर माझी काढ."

झिलूने दिग्याच्या ओठाकडे जवळ जाऊन पाहिलं. "खयची?"

धक्क्यावरची पोरं खो खो हसली. दिग्या लालबुंद झाला. "हो म्हण, नायतर भियालंस म्हणून सांग!"

"बरां," झिलू म्हणाला. त्याने एकदा टेबलफॅन पुसला होता. त्यामुळे त्याला धीर होता.

दिग्याने स्वतःच त्याला होडीतून बोटीवर नेलं. "काका, मेकॅनिक आणलाय!" होडी बोटीला बांधली आणि खिडकीतून मजा बघत बसला. खिशात वस्तरा होताच.

काकांनी फळी उचलून एक डबा दाखवला. "हे बघ, पाण्याबरोबर येणारा कचरा ह्यात अडकतो. झाकण उघड आणि आत असेल ते समुद्रात फेकून दे."

झिलूने झाकण उघडलं. आत शेवाळ होतं, फेकलं. जेलीफिश होता, फेकला. स्टीलची जाळी होती, तीही फेकली. *डुबुक्.*

"अरे! जाळी का फेकलीस?"

"आत होती."

काकांनी कपाळावर हात मारला. नशीब, जास्तीची जाळी होती. ती बसवली. "लक्षात ठेव. जाळी दिसली की फेकायची नाही. पाण्यात खळाळून धुवायची आणि परत बसवायची."

"बरां."

पिचकारी काही उडाली नाही. काका म्हणाले, "आत काकू बसल्यात ना, त्यांच्या डोक्यावरच्या खिडकीत हवेचा फिल्टर आहे. जरा बघ त्याच्याकडे."

झिलूने बघितलं. फिल्टर कागदाचा होता, पण जाळीदार. झिलूने तो खाडीत खळाळून धुतला. त्याचा मस्तपैकी लगदा झाला. तो लगदा त्याने थापून परत बसवला. काकांनी बटण दाबलं. *फर्रर्र!* सगळा लगदा काकूंच्या तोंडावर.

"अहो!!" काकू.

"जाळी होती," झिलू.

बाहेर होडीत दिग्या पोट धरून लोळत होता.

काका ओरडले, "अरे शहाण्या, वस्तू ओली झाली की आधी उन्हात नेऊन वाळवतात! ओलं दिसलं की उन्हात, समजलं?"

"बरां."

झिलूने इकडेतिकडे पाहिलं. सगळ्यात ओलं काय दिसत होतं? काकू. त्याने काकूंना हाताला धरून डेकवर नेलं, भर उन्हात बसवलं. तिथे दोरीवर धुतलेले कपडे वाळत होते. त्यातलेच चिमटे काढून त्याने काकूंचा गाऊन दोन्ही खांद्यांना दोरीला अडकवला. काकू वाऱ्याने उडू नयेत म्हणून.

"अहो, मला सोडवा! ह्या मुलाने मला वाळत घातलंय!"

काका धावत आले. काकूंचं तोंड टोमॅटो झालं होतं. चिमटे काढता काढता काका म्हणाले, "काय माणूस आहेस! कुणी असं तापलं की त्याला सावली करायची, वारा घालायचा, थंड पाणी पाजायचं!"

"आधी सांगूचा ना, काका."

काका पुन्हा खाली गेले. पंपाला हात लावला आणि चटकन काढला. "बघ, पाणीच मिळत नाही तर हा तापणारच." एवढं बोलून ते औजारं आणायला वळले.

झिलूला पंपाची दया आली. त्याने पंपावर काकूंची छत्री उघडून धरली. ताटलीने वारा घातला. मग तांब्याभर गार पाणी घेतलं आणि, "पी रे बाबा," म्हणत वरून ओतलं. *फट्!* धूर निघाला, लाईट गेली.

आता काकांचा आवाजसुद्धा बसला. त्यांनी सगळं पुसलं, बटणं खालीवर केली, कशीबशी वीज आणली. मग झिलूला समोर उभं केलं. "नीट ऐक. बोटीत पाणी म्हणजे मरण. बोटीत पाणी शिरताना दिसलं की दुसरं काही बघायचं नाही. भोक शोधायचं आणि हाताला लागेल ते कोंबून बंद करायचं. खलाशाचा पहिला नियम हाच."

"बरां, काका."

"आणि आता शेवटचं. खाली बुडी मार आणि बोटीच्या पोटाचं भोक बघ. पाणी आत शिरतंय की नाही तेवढं बघ."

सूर्य पाण्याला टेकायला आला होता. होडीतला दिग्या ताडकन उठून बसला. आता हा बोळा काढणार, पिचकारी उडणार, आपली कोथिंबीर जाणार!

झिलूने बुडी मारली. वर आला. दोरीवरचा काकांचा सदरा ओढला, परत बुडी. वर आला. काकूंचा परकर, परत बुडी. मग टॉवेल, मग उशीचे अभ्रे, मग काकांची लेंगे-बनियनं. दोरी रिकामी झाली तेव्हा झिलू धापा टाकत डेकवर चढला. तोंडभर हसू.

"झालं का रे?" काका.

"पक्कां झालां! काका, तुमच्या बोटीक नुसती भोकां! एसीचा, बेसिनचा, इंजिनाचा, संडासाचा. सगळ्यांतसून पाणी शिरत होता. सगळी बंद केलंय!"

काकांनी रिकाम्या दोरीकडे पाहिलं. तेवढ्यात संडासातून काकूंची किंकाळी आली, "अहोऽऽ! हे खाली जायच्याऐवजी वर येतंय!"

काका तिकडे धावले. दिवस बुडाला. पिचकारी काही उडाली नाही.

झिलू मुकाट्याने होडीत उतरला. दिग्यासमोर फळीवर बसला आणि ओठ पुढे केला. "काढ."

दिग्याने वस्तरा उघडला. झिलूने डोळे मिटले. "दिग्या, एक काम कर. मिशी कागदात बांधून दी. रविवारी खिशात घालून नेतंय. तिना इचारलान, तर दाखवूक होयी ना."

वस्तरा ओठापर्यंत गेला आणि तिथेच थांबला. दिग्याने झिलूच्या तोंडाकडे पाहिलं. खारं पाणी निथळत होतं. ते सगळंच खाडीचं आहे की काय, ते दिग्याला कळेना.

त्याने वस्तरा मिटला.

"काका!" तो ओरडला. "एसीच्या भोकात सकाळी मीच बोळा कोंबला होता. झिलूची मिशी जावी म्हणून. चूक माझी आहे."

काका ओलेचिंब बाहेर आले. काकू त्यांच्या मागून आल्या, हातात लाटणं. दोघंही दिग्याकडे बघायला लागली. दिग्याने मान खाली घातली.

झिलूने डोळे उघडले. दिग्याच्या पाठीवर प्रेमाने हात ठेवला.

"काकू, ह्याका मारू नका. सगळ्यांच्या आधी बोट वाचवूक हो दिग्याच धावलो. बोळो तेवढो ढिलो होतो, तो मी काकांच्या सदऱ्यान घट्ट केलंय."