न वाचून दाखवलेलं पान

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट आहे, बाळांनो, आणि बाळांच्या आजोबांनो, तुम्हीही ऐका. समुद्राकाठी यहुदी तेल्यांचं एक गाव होतं. सहा दिवस घाणे फिरत. सातव्या दिवशी, शनिवारी, बैलही मोकळे आणि माणसंही मोकळी. त्या दिवसाला ते शब्बाथ म्हणत.

गावाच्या प्रार्थनाघरात तोराहची गुंडाळी होती. ती देवाची आज्ञा, दर शनिवारी सगळ्यांना वाचून दाखवत. पण आज्ञा पाळायची कशी, कुठे ताणायची, कुठे सोडायची, हे जुन्या जाणत्यांनी पिढ्यान्पिढ्या वाद घालून ठरवलं होतं. हे सारं लिहिलेले ग्रंथ गावाला धर्म सांगणाऱ्या एकट्या गुरुजींच्या पेटीत, आणि पेटीला कुलूप. अर्धवट ज्ञान घातक, असं गुरुजींचं म्हणणं. मला विचारल्याशिवाय काडी हलवायची नाही, एवढं मात्र त्यांनी गावाकडून घोकून घेतलं होतं.

झालं! गावानं विचारून विचारून गुरुजींना हैराण केलं. शब्बाथला कोंबडीनं अंडं घातलं, खायचं का? वहाणेचा बंद तुटला, गाठ मारू का? डाळीतला खडा वेचू का? घास तोंडात घालावा तर दारात कोणीतरी उभंच. यांनी अक्कल काय गहाण टाकलीय, असं गुरुजी बायकोपाशी करवादत. एकदा सगळ्यांना बसवून वाचून का दाखवत नाही, असं ती बिचारी म्हणाली. तेल्यांना त्यातलं काय कळणार, म्हणून गुरुजींनी तिलाच उडवून लावलं.

एका शनिवारी प्रार्थना आटोपून माणसं घरी गेली. एलोजी तेली बैलाला पाणी दाखवायला गोठ्यात शिरला आणि जुनी भिंत त्याच्या अंगावर कोसळली. दगडमातीखालून त्याच्या हाका येत होत्या. गाव धावलं. फावडी आणली, उगारली, आणि तिथंच थांबवली. खणणं म्हणजे काम, आणि आज काम करायचं नाही, हे तर तोराहमध्येच लिहिलेलं. एलोजीची बायको रिबकाबाई हातांनी माती उपसू लागली, तर शेजारणींनी तिला धरून ठेवलं. आता काय म्हणावं या माणसांना! गुरुजींना विचारू, मग खणू, असं ठरलं आणि दोघं टेकडीवरच्या त्यांच्या घराकडे पळाले.

गुरुजी नुकते पाटावर बसले होते. दारात पुन्हा माणसं पाहून त्यांचं डोकंच फिरलं. जेवण होईपर्यंत एक शब्द बोलायचा नाही, असं त्यांनी बजावलं. आणि ती आज्ञाधारक माणसं खरोखरच गप्प उभी राहिली.

हात धुतल्यावर गुरुजींनी विचारलं. ऐकलं मात्र, अनवाणीच धावत सुटले. खणा, खणा, असं टेकडीवरूनच ओरडू लागले. गावानं भराभर माती उपसली. पण एलोजीच्या हाका केव्हाच थांबल्या होत्या.

गुरुजी संतापानं गावावर ओरडले. "जीव वाचवण्यासाठी शब्बाथ मोडायचाच असतो. एवढं साधं कळू नये तुम्हांला?"

रिबकाबाईनं नवऱ्याच्या तोंडावरची माती पुसली. "हे तुमच्या ग्रंथात आहे, गुरुजी?"

"पहिल्यापासून आहे."

"मग आम्हांला कधी सांगितलंत?"

इतकी वर्षं ज्यांच्या नावानं खडे फोडले, त्यांच्यासमोर गुरुजींची मान वर होईना.

दुसऱ्या दिवशी एलोजीला मूठमाती दिली. गुरुजींनी सगळे ग्रंथ प्रार्थनाघराच्या ओट्यावर आणून ठेवले आणि पहिलं तेच पान वाचलं. एकेक शब्द समजावून सांगितला. तेल्यांना सगळं कळलं. ऐकायला अख्खं गाव होतं, फक्त रिबकाबाई आली नाही.

तात्पर्य: ज्ञान कुलपात ठेवणाऱ्यानं लोकांच्या अज्ञानावर चिडू नये, त्या अज्ञानाचं पाप त्याच्याच माथी असतं.