करवंदीची जाळी

घार रानाची राणी होती त्या काळची ही गोष्ट. तेव्हा एक साळुंकी सगळ्या पिल्लांना गोष्टी सांगायची. तिच्या गोष्टीतली पिल्लं घारीची सावली दिसली की करवंदीच्या जाळीत शिरायची आणि लंगड्या भावाला सगळ्यात आधी आत ढकलायची.

घारीने तिला बोलावलं. "गोष्टीतली सावली ढगाची कर."

"ढग पिल्लं उचलत नाही, राणीसाहेब," साळुंकी म्हणाली.

त्याच दिवशी तिला डोंगरापलीकडे हाकललं. तिची गोष्ट सांगायलाही रानात बंदी झाली.

तिकडे साळुंकीच्या घशाखाली दाणा उतरेना. पिल्लं गोष्ट विसरली तर? रोज ती डोंगराकडे डोळे लावून बसायची.

हिवाळ्यात रानातून एक धोबी पक्षी आला.

"तुझी गोष्ट आता कुणीच सांगत नाही, मावशी," तो म्हणाला. "पिल्लं आपली खेळत असतात."

"काय खेळतात?"

"एक पिल्लू सावली होतं, बाकीची पळत करवंदीत शिरतात. काटे टोचले तरी तिथंच."

साळुंकी उडी मारून त्याच्या जवळ आली. "आणि लंगडं? ते मागे राहत नाही ना रे?"

"छे! त्याला तर सगळ्यात आधी आत ढकलतात."

साळुंकीने खाली वाकून एक दाणा टिपला.